ठेचा सोडला तेव्हाच : एका माळकरी मावशींच्या रक्तक्षयाचं प्रकरण

या मावशींचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि माझ्या चुका बदललेल्या नाहीत. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे असं प्रकरण वर्षाला चार-पाच वेळा तरी येतं. बहुतेकदा ते इतकं पुढे जात नाही. हे गेलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

मावशी ६८ वर्षांच्या. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव, चार एकर जिरायत, दारात दोन जर्सी गाई. मुलगा शेती आणि गाई बघतो, सून घर आणि शिलाई मशीन. नातू पुण्याला शिकायला.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आणि यजमानांनी माळ घातली. तोवर घरात जत्रेला बोकड, पाहुणा आला की कोंबडी आणि बाजाराच्या दिवशी सुकट हे सगळं होतं. माळ घातली त्या दिवसापासून अंड्यासकट सगळं बंद. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, पण महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि आषाढीची वारी यात मावशींनी कधी खंड पडू दिला नाही.

मधुमेह अकरा वर्षांपासून. मेटफॉर्मिन एक ग्रॅम, दिवसातून दोनदा. गुडघे दुखतात म्हणून अधूनमधून मेडिकलमधून आणलेली दुखीची गोळी, ती गोळी पोटात जळते म्हणून रोज सकाळी पॅन्टोप्राझोल. ही पित्ताची गोळी कोणी लिहून दिली होती ते कुणालाच आठवत नव्हतं. सहा वर्षं चालू होती.

माझ्याकडच्या केसपेपरवर आहाराच्या रकान्यात एकच शब्द होता : शाकाहारी. अक्षर माझंच.

पहिली भेट : श्रावण

थकवा, चढ चढताना धाप आणि पाय जड होणं ही तक्रार. हिमोग्लोबिन ९.४. तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे रिपोर्टवर एमसीव्ही लिहिलेलं असतं तो, ९३. ८० ते १०० च्या मधला, अगदी छान. श्रावणातले उपास, वय, बाई माणूस : लोह कमी असणार असं धरून मी लोहाची गोळी लिहून दिली. तिच्यात फॉलिक ॲसिड हे बी गटातलं जीवनसत्त्व असतंच. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.३ आलं. मावशी म्हणाल्या, “जरा बरं वाटतंय.” मीही खूश झाले.

त्या पहिल्या रिपोर्टवर आणखी एक आकडा होता, आरडीडब्ल्यू. पेशी एकमेकींपेक्षा किती लहानमोठ्या आहेत ते तो सांगतो. साधारण १४-१५ पर्यंत असावा, मावशींचा १९ होता. त्याचा अर्थ एवढाच की सरासरी ९३ दिसत असली तरी त्या सरासरीत काही पेशी फार बारीक होत्या आणि काही फार मोठ्या. लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात, बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडलं की फुगतात. दोन्ही कमी असलं की सरासरी मधोमध येऊन बसते आणि डॉक्टरला गंडवते. रिपोर्टवर त्या आकड्यापुढे छोटा बाणही छापलेला होता. मी पाहिला नाही असं नाही. पाहिला आणि पुढचा पेशंट आत घेतला.

दिवाळीनंतर शौचाला काळं होतं, खडा होतो म्हणून मावशींनी गोळ्या बंद केल्या. मला कळवलं नाही, मीही विचारलं नाही.

माघातली भेट

साखरेचा रिपोर्ट दाखवायला आल्या तेव्हा जाता जाता म्हणाल्या, “डाक्टर, चप्पल पायातनं कधी निघून जाती ते कळतच न्हाय. मागनं कोणतरी हाक मारतं, आज्जी, चप्पल ऱ्हायली.”

वैद्यकीय कॉलेजात हा प्रश्न तोंडपाठ करून घेतात : चप्पल निसटते ती कळून की न कळून? कळून निसटत असेल तर स्नायूंची ताकद गेलेली. न कळता निसटत असेल तर संवेदना गेलेली. मावशींनी न विचारता उत्तर दिलं होतं. मी त्याला ‘शुगरमुळे नसा’ असं लेबल लावलं आणि साखर सांभाळा म्हणून सांगितलं. वास्तविक तीन महिन्यांची सरासरी साखर ६.९ होती. इतक्या चांगल्या ताब्यातल्या मधुमेहात सहा महिन्यांत पाय इतके बधिर होणं जुळत नव्हतं. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला काहीही झालं की तो मधुमेहाच्या खात्यावर टाकायचा ही आम्हा डॉक्टरांची जुनी खोड आहे.

अडचण

होळीच्या आधल्या आठवड्यात सून त्यांना रिक्षातून घेऊन आली. मोरीत तोंड धुताना पडल्या होत्या. कपाळाला खोक पडली होती, हाड मोडलं नव्हतं. पण पडण्याच्या आधीचा महिना कसा गेला ते सुनेनं सांगायला सुरुवात केली तेव्हा मला खुर्ची पुढे ओढून बसावं लागलं.

डोळे पिवळसर दिसायला लागले म्हणून घरच्यांनी कावीळ ठरवली होती. शेजारच्या गावात जाऊन काविळीचं औषध घेतलं, गळ्यात तुळशीच्या माळेशेजारी काविळीची माळ आली. पथ्य म्हणून तेल-तिखट बंद आणि रोज दोन पेले उसाचा रस. मधुमेहाच्या पेशंटला. वीस दिवस.

“तिखट तर त्यांनी आधीच सोडलंय,” सून म्हणाली. “दिवाळीपासनं ठेचा ताटात घेत न्हाईत. जीभ भाजती म्हणत्यात. आमच्या आत्या आन् ठेच्याशिवाय भाकरी!”

मी मावशींना जीभ बाहेर काढायला सांगितली. लालबुंद, गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखी. जिभेवरचे बारीक काटे झिजून गेलेले. मग हात पाहिले. बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडलेली. सुनेला वाटत होतं भांडी घासून, चुलीपुढे बसून झालं असेल. त्या घरात दहा वर्षांपासून गॅस होता.

ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, वाजवून आधी कपाळाच्या हाडावर ठेवला, म्हणजे थरथर कशी लागते ते त्यांना कळावं. “गुणगुणतंय.” मग पायाच्या अंगठ्यावर. “गार लागलं.” गुणगुणतंय का? “न्हाय. नुसतं गार.” घोट्यावरही तेच. गुडघ्यावर आल्यावर थोडं गुणगुणलं. उभं करून पाय जुळवायला लावले, डोळे मिटायला सांगितलं आणि त्या सरळ माझ्या अंगावर कलल्या. पाय कुठे टेकलेत याची खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूला जाते. ती जात नसेल तर माणूस डोळ्यांच्या आधारावर तोल सांभाळतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोही आधार जातो. म्हणून मोरी.

रक्ताचे रिपोर्ट संध्याकाळी आले. हिमोग्लोबिन ६.८. एमसीव्ही ११२. पांढऱ्या पेशी ३,४००, प्लेटलेट १ लाख ५ हजार, म्हणजे रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी कमी. काविळीत वाढतं ते पिवळं बिलिरुबिन २.१, त्यातलं बहुतेक यकृतात न पोचलेलं, अप्रत्यक्ष. यकृताची बाकीची एन्झाइम ठीक. पेशी फुटल्या की वाढतं ते एलडीएच १,८०० च्या वर. लॅबवाल्या मुलाला मी काचेवरचा नमुना पॅथॉलॉजिस्टना दाखवायला सांगितलं. उत्तर आलं : मोठ्या लंबगोल तांबड्या पेशी, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा-सहा पाकळ्या. साधारण तीन-चार असतात.

म्हणजे कावीळ नव्हतीच. बी-१२ शिवाय पेशीचा डीएनए नीट तयार होत नाही. पेशी वाढते पण विभागत नाही, आणि असल्या अर्धवट पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधीच फुटतात. त्यांचा रंग डोळ्यांत उतरला होता.

बी-१२ गेलं कुठे?

हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून थोडं थांबते.

बी-१२ कुठलीही वनस्पती तयार करत नाही आणि कुठला प्राणीही. ते सूक्ष्मजीव तयार करतात आणि प्राण्यांच्या मार्फत ते आपल्यापर्यंत येतं. शाकाहारी माणसाला खात्रीचा मार्ग एकच, दूध आणि दुधाचे पदार्थ. दारात दोन गाई म्हटल्यावर हा मार्ग मोकळा असणार असं मी धरून चालले होते. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं : दूध किती काढता? अठरा-वीस लिटर. डेअरीला किती जातं? सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. सगळं. चहापुरतं ठेवतो. दही? ताक? पाहुणे आले तर.

दिवसाला दोन चहा, त्यात मिळून सत्तर-ऐंशी मिलिलिटर दूध. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात बी-१२ साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम. गरज रोजची दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. चहातून मिळत होतं त्याचा सहावा-सातवा हिस्सा. आणि ते दूधही खळखळून उकळलेलं, त्यात थोडं आणखी जातं.

पण मग तेवीस वर्षं काढली कशी? यकृतात बी-१२ चा साठा दोन ते पाच मिलिग्रॅमचा असतो आणि खर्च मायक्रोग्रॅमांत, म्हणून तो वर्षानुवर्षं पुरतो. वर थोडं दूध, सणावाराला खीर, वारीत कुणीतरी वाटलेलं ताक, असं करत मावशींचा साठा हळूहळू उतरत गेला असणार. खड्डा पडला तो साठीनंतर. दुधातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. वयाबरोबर बऱ्याच जणांत हे आम्ल कमी होतं आणि पॅन्टोप्राझोलने उरलंसुरलं बंद केलं. सुटलेलं बी-१२ जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाच्या खांद्यावर बसून लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात पोचतं आणि तिथेच शोषलं जातं. मेटफॉर्मिन नेमकं तिथे आडवं येतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२२ मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होणं हा सर्रास दिसणारा दुष्परिणाम असल्याचं सांगून डॉक्टरांना सावध केलं. माझ्या तालुक्यात मेटफॉर्मिन घेणारे आणि मांसाहार न करणारे किती आहेत याचा विचार त्या दिवशी रात्री पहिल्यांदा गंभीरपणे केला.

हे काही एका घराचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे शहर, झोपडवस्ती आणि आसपासची खेडी इथल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं होतं. सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात होती. तेही मध्यमवयीन पुरुष, म्हातारे नव्हेत.

आता माझ्या लोहाच्या गोळीकडे परत. तिने दोन गोष्टी केल्या. लोह भरलं गेल्यामुळे बारीक पेशी गेल्या आणि मोठ्या उघड्या पडल्या, म्हणून एमसीव्ही ९३ वरून ११२. हे एका अर्थी बरंच झालं. पण गोळीतल्या फॉलिक ॲसिडने हिमोग्लोबिन तात्पुरतं सुधारून दाखवलं आणि नसांकडे माझं लक्ष गेलंच नाही. फॉलिक ॲसिड रक्ताची उणीव काही काळ झाकतं. मज्जारज्जूची भरत नाही.

गंमत अशी की ही फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्याकडेच सुरू झाली. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत बसून तिने गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचा माग काढला. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बायका बऱ्या झाल्या. तिने हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९४० च्या दशकात तेच औषध बी-१२ न शोषता येणाऱ्या रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा रक्त सुधारलं आणि नसा आणखी बिघडल्या. परळमधल्या त्या बायकांना जे कमी पडत होतं ते आमच्या मावशींच्या ताटात भरपूर होतं. मेथी, चाकवत, हरभऱ्याची भाजी, डाळ. कमी होतं ते वेगळंच.

कोणते पर्याय समोर होते

मुलाचा पहिला आग्रह : रक्ताची बाटली चढवा. ६.८ आकडा ऐकून कुणीही हेच म्हणेल आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन तासांत सोयही झाली असती. विरोधात हे होतं की मावशींचं रक्त महिनोन्महिने हळूहळू कमी झालं होतं, शरीराने जुळवून घेतलं होतं. छातीत दुखत नव्हतं, ईसीजी ठीक होता, बसल्या जागी धाप नव्हती. पण घोट्यांना थोडी सूज होती. अशा वयात, हृदयावर आधीच ताण असताना बाटली भरभर चढली तर फुप्फुसात पाणी होऊ शकतं. आणि कारण सापडलेलं असताना उपचाराने आठवड्याभरात अस्थिमज्जा स्वतः कामाला लागते. साताऱ्याच्या ओळखीच्या फिजिशियनशी फोनवर बोलले. ठरलं ते असं : आज बाटली नाही. छातीत दुखलं, धाप वाढली किंवा गुंगी आली तर लगेच दाखल करून एक बाटली, सावकाश.

दुसरा प्रश्न, बी-१२ चा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का? नमुना साताऱ्याला जाणार, दोन दिवस. नसांची लक्षणं असताना थांबायला नको. पण रक्त आधी काढून ठेवायचं आणि मगच सुई टोचायची, हा क्रम महत्त्वाचा. आमच्याकडे अशक्त माणसाला लाल रंगाचं ‘ताकदीचं इंजेक्शन’ दिल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही. तो लाल रंग बी-१२ चाच, त्याच्या रेणूत कोबाल्ट असतं. ते एकदा टोचलं की रिपोर्ट बक्कळ येतो आणि पुढचा डॉक्टर फसतो. मी सुनेला दोनदा विचारलं, कुठे लाल इंजेक्शन घेतलंय का. नव्हतं घेतलं.

गोळी की इंजेक्शन? मोठ्या मात्रेची गोळी चालते. वाहून नेणारं प्रथिन नसलं तरी पोटात गेलेल्या बी-१२ पैकी जवळपास एक टक्का आपोआप झिरपतो, म्हणजे हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतले दहा. पुढच्या काळासाठी मला हा मार्ग पटतो. पण पाय बधिर आणि तोल गेलेला असताना सुरुवात इंजेक्शननेच.

आणि आहार. मुलगा दाराबाहेर हळूच म्हणाला, “आईला अंडं खायला सांगा तुम्ही. तुमचं ऐकंल.” मी नाही सांगितलं. एक तर रोज दोन अंडी खाऊनही त्या आतड्याला आणि त्या जठराला हा खड्डा भरता आला नसता. दुसरं, जे गोळीने भागतं त्यासाठी ६८ वर्षांच्या बाईला माळेशी भांडायला लावायचं कशाला? काही सहकारी याबाबतीत माझ्याशी सहमत नाहीत.

काय केलं

त्याच संध्याकाळी रक्त काढून पहिलं इंजेक्शन, एक हजार मायक्रोग्रॅम. पुढे एक दिवसाआड तीन आठवडे, मग आठवड्याला एक, तीन महिन्यांनंतर महिन्याला. रोज तालुक्याला येणं परवडणारं नव्हतं, म्हणून उपकेंद्रातल्या सिस्टरना चिठ्ठी आणि इंजेक्शनं दिली. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला : बी-१२ ९६. दोनशेच्या खाली कमतरता धरतात.

चौथ्या दिवशी मी पोटॅशियम तपासलं, ३.२. नवीन पेशी धडाधड तयार व्हायला लागल्या की रक्तातलं पोटॅशियम त्या ओढून घेतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाचेक दिवस पोटॅशियमचं सिरप दिलं. कडू लागतं, मावशींनी तोंड वाकडं केलं पण घेतलं. आठव्या दिवशी कोवळ्या पेशींचं प्रमाण १२ टक्क्यांवर गेलं होतं. तोवर हिमोग्लोबिन काही खास हललं नव्हतं, पण मावशींनी भूक लागते म्हणून सांगितलं. चौदाव्या दिवशी ८.४.

मग सहाव्या आठवड्यात गाडी अडली. १०.१ वर. घरात कुजबुज सुरू झाली की इंजेक्शनं लागू पडेनाशी झाली. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, केली तर ११, साठा रिकामा. श्रावणात थोडं भरलेलं लोह नवीन रक्त बनवण्यात संपून गेलं होतं. लोह पुन्हा सुरू केलं, या वेळी एक दिवसाआड एक, म्हणजे पोटाला त्रास कमी.

आणि आता तो प्रश्न विचारणं भाग होतं जो मी श्रावणात टाळला होता. साठीच्या पुढच्या बाईचं लोह जातं कुठे? मासिक पाळी बंद होऊन वीस वर्षं झाली. साताऱ्याला दुर्बिणीतून जठर तपासलं. दुखीच्या गोळ्यांनी जठराचं अस्तर जागोजागी खरवडलेलं, एच. पायलोरी जंतू सापडले, काही भागात अस्तर पातळ झालेलं. कर्करोग नव्हता. मोठ्या आतड्याची दुर्बीण करा म्हटल्यावर कुटुंबाने खर्चामुळे नकार दिला. शौचातलं रक्त तपासलं, नव्हतं. ही बाजू अजून अर्धी उघडीच आहे. बी-१२ वाहून नेणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी निगेटिव्ह आली. तरी ती निगेटिव्ह आली म्हणून शरीर स्वतःच त्या प्रथिनावर उलटतं तो आजार नाहीच असं म्हणता येत नाही.

जंतूंवर दोन आठवडे औषध दिलं. दुखीची गोळी बंद केली आणि ती बंद झाल्यावर पॅन्टोप्राझोलही हळूहळू सोडवली. मेटफॉर्मिन ठेवली. साखर त्या गोळीवर चांगली होती आणि बी-१२ वरून देताच येत होतं.

तिसऱ्या महिन्यात इंजेक्शनऐवजी रोजच्या गोळीचा विषय काढला तेव्हा मावशींनी विचारलं, “हेच्यात काय असतंय?” रास्त प्रश्न. बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडून आंबवून बनवतात, त्यात जनावर नाही. पण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मऊ कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन म्हणजे हाडं-कातडी. म्हणून चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं : गोळीच द्यावी, कॅप्सूल नको. मेडिकलवाल्याने एकदा कॅप्सूल दिलीच. सुनेने परत केली.

दुधाचं गणित मी कागदावर मांडून दाखवलं. अर्धा लिटर दूध रोज घरात राहिलं तर तीन माणसांत वाटून जाईल, एकट्या मावशींची गरजही त्यातून निघणार नाही. गोळी त्याहून स्वस्त. तरी दूध ठेवा म्हटलं, प्रथिनांसाठी आणि बाकीच्यांसाठी. मुलगा म्हणाला, महिन्याला पंधरा लिटर झालं. मी म्हटलं, झालं.

बीट, डाळिंब, खजूर, मोड आलेली मटकी यांची यादी नातवाने मोबाइलवर पाठवली होती. खायला सगळं चांगलं, पण बी-१२ यातल्या कशातच नाही. रेशनच्या पोषणयुक्त तांदळात तेव्हा घातलेलं असायचं, तेही किलोमागे जेमतेम एक मायक्रोग्रॅम.

वेगळं काय करता आलं असतं

श्रावणात फेरिटिन आणि बी-१२ दोन्ही करायला हवं होतं. खर्च हजार-बाराशे रुपये, गावच्या पेशंटला जड, म्हणून मी टाळलं असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे सुचलंच नाही. आरडीडब्ल्यूचा आकडा तर फुकट समोर होता. निदान काचेवरचा नमुना बघायला सांगता आला असता, तोही जवळपास फुकट.

माघात चप्पल निसटते म्हणाल्या तेव्हा फोर्क ड्रॉवरमध्ये होता. वाजवायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट दिला असता तर सहा आठवडे वाचले असते, आणि मज्जारज्जूच्या बाबतीत आठवडे मोजावेच लागतात.

बाटली न चढवण्याचा निर्णय बरोबर ठरला, पण त्यात नशिबाचाही भाग आहे. घर तालुक्यापासून चौदा किलोमीटर. रात्री धाप लागली असती तर गाडी मिळायला तास गेला असता. आज तीच परिस्थिती असेल तर मी पहिले चार दिवस तरी दाखल करून ठेवेन.

फॉलिक ॲसिड मी रक्तक्षयाच्या पेशंटला आजही देते, पण बी-१२ पाहिल्याशिवाय किंवा सोबत दिल्याशिवाय नाही. मेटफॉर्मिन चार वर्षांहून जास्त झालेल्या प्रत्येकाचं बी-१२ वर्षातून एकदा करते. केसपेपरवरचा ‘शाकाहारी’ शब्द खोडला. तिथे आता तीन प्रश्न असतात : किती वर्षांपासून, घरात दूध किती येतं, आणि ते पितं कोण. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक घरांत नातू असं येतं. मग नवरा. उत्तर देणारी बाई शेवटी किंवा यादीतच नाही.

निष्पत्ती

आषाढात, उपचार सुरू होऊन चार महिने होत आले तेव्हा हिमोग्लोबिन १२.२ आणि एमसीव्ही ९० होतं. डोळ्यांतला पिवळेपणा पहिल्या महिन्यातच गेला होता. पूर्ण वारी करू नका असं मी स्पष्ट सांगितलं होतं. मावशी लोणंदहून निघाल्या आणि चांदोबाच्या लिंबापर्यंत सुनेच्या हाताला धरून चालल्या, उभं रिंगण पाहिलं आणि मुलाच्या गाडीतून परत आल्या. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, ते त्यांनी मला पंधरा दिवसांनी सांगितलं.

सुनेचंही बी-१२ तपासलं. वय ३८, रिपोर्ट १६८. तिला थकवा वाटत होता, पण तो कामाचा असेल असं तिला वाटायचं. मुलाचं २१०. तो बाहेर हॉटेलात मटण खातो, पण महिन्या-दोन महिन्यांनी एकदा. तिघांची गोळी आता एकाच डब्यात असते.

वर्ष झालं. ठेचा पुन्हा ताटात आला आहे. काठी सुटली नाही. मोरीत भिंतीला लोखंडी नळी बसवून घेतली आहे आणि तोंड धुताना एक हात तिच्यावर असतो. घोट्यावर फोर्क ठेवला की मावशी आता “गुणगुणतंय” म्हणतात. अंगठ्यावर ठेवला की थोडा वेळ विचार करतात आणि म्हणतात, “गार.”